निरोगी, अठ्ठ्याण्णव टक्के

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवी डायरी. कल्याणप्पाच्या खत-बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यासाठी एक सुविचार छापलाय. आजचा : ‘निरीक्षण हेच खरे खत.’ मग खताची दुकानं कशाला चालवायची, असं कल्याणप्पाला विचारणार आहे.

संकल्प. रोज लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहून काही फायदा नाही. साखर कमी करायची. थोरल्या जाऊबाईंशी, सिताबाई आक्कांशी, वाद घालायचा नाही. रडायचं नाही. तसं मी रडत नाहीच. हे गेल्याला दोन वर्षं होत आली, मी पूर्ण सावरले आहे. सकाळी चहा तेवढा दोन कप होतो. सवयीने. दुसरा कप मी अंगणातल्या लिंबोणीच्या बुडाशी ओतते. त्याचा दुःखाशी काही संबंध नाही. चहा वाया जाऊ नये म्हणून. झाडालाही तरतरी येते.

मग बादलीभर पाणी. लिंबोणी ह्यांनी लावलेली. गावात एवढी रसाची लिंबं कोणाकडे नाहीत.

संध्याकाळी : साखरेचं उद्यापासून. वर्षाच्या पहिल्या दिवशी फिका चहा बरा दिसत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

घरी इंजिनिअर आली. हर्षाली नाव. धाराशिवच्या एका कॉलेजातली. स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. सोनारीत देवळापाशी तिने विचारलं म्हणे, इकडच्या वस्त्यांवर वाचणारी बाई कोण आहे? तर लोकांनी माझं नाव सांगितलं. ही बातमी आक्कांनी तोंड वाकडं करून आणली, म्हणजे खरी असणार.

तिचं काम असं. पानाचा फोटो काढला की मोबाइलने रोग ओळखायचा. त्यासाठी मशिनला आधी शिकवावं लागतं. हजारो पानांचे फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाला लेबल लावायचं : हे निरोगी, हे रोगट. ह्याला डीप लर्निंग म्हणतात. डीप म्हणजे खोल. बोअरसारखं.

मी विचारलं, मशिनला सांगायचं कसं, की डाग बघ, कडा बघ? ती म्हणाली, “तेच तर काकू! काय बघायचं ते आपण सांगतच नाही. आपण नुसते फोटो दाखवायचे. दोन्हींत फरक कशाचा, ते मशिन आपलं आपण शोधून काढतं.”

मला एकदम नात्यातलं कोणी भेटल्यासारखं झालं. मलाही कोणी शिकवलेलं नाही. शाळेत गेले नाही. लग्न होऊन इथं आले आणि वाणसामानाच्या पुड्यांवरून वाचायला शिकले. मीठ, साखर, चहा. नंतर पेपर, नंतर पुस्तकं. माझी मी.

काम घेतलं. रणधीरने पुण्याहून आणून दिलेला फोन आहेच, मुलाच्या फोनचा एकदाचा उपयोग होईल.

जाताना हर्षाली म्हणाली, “सध्या डेटा फार कमी पडतोय.” मी म्हटलं, रिचार्ज मार की. ती बराच वेळ हसली. डेटा म्हणजे फोटो, हे तिने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी विनोद केला नसता.

५ जानेवारी, रविवार

कामाला सुरुवात. पहिलाच प्रश्न : पान ठेवायचं कशावर? हर्षाली म्हणाली होती, कशावरही ठेवा. ‘कशावरही’ हे शहरातल्या माणसांचं बोलणं. पान कशावरही ठेवत नाहीत. देवाला किडकं पान चालत नाही, भोक पडलेलं चालत नाही.

विचार करून नियम केला. निरोगी पान देवाच्या ताम्हनात. रोगट पान दारातल्या गोणपाटावर. चांगल्याला चांगली जागा, वाईटाला पायपुसणं. ताम्हन चिंचेने घासून लख्ख केलं. फोटो असे आले की आक्कासुद्धा वाकून बघायला आल्या. मग म्हणाल्या, “मथुरे, पानाचं लगीन हाय व्हय?”

वाद घातला नाही. संकल्प पाळला. फक्त म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. हा वाद नव्हे, माहिती.

८ जानेवारी, बुधवार

हर्षालीने मला टीम लीडर केलं. हाताखाली वस्तीवरच्या आणि शेजारच्या गावच्या मिळून दहाएक बाया. फोटो काढला की मोबाइल विचारतो : निरोगी, रोगट की सांगता येत नाही? करिश्माने पहिल्याच दिवशी अर्ध्या पानांना ‘सांगता येत नाही’ दाबलं. मी तिला समजावलं. इतकी वर्षं शेतात राबतो आणि पान बघून सांगता येत नाही? मशिन काय म्हणेल? माझ्या टीममध्ये ‘सांगता येत नाही’ चालणार नाही.

करिश्मा म्हणाली, “पर काकू, मला खरंच येत न्हाय सांगता.” तरुण मुलींत आत्मविश्वास कमी.

साखर : कामाचा ताण असल्याने सध्या तीच ठेवली आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गावात हळदीकुंकू. मला बोलावणं नसतं. त्याचं मला काही वाटत नाही. मी आजच दुपारी टीमची मीटिंग ठेवली. योगायोग.

सगळ्या आल्या. नव्या साड्या, नाकात नथी. मी लीडर म्हणून बोलले : पानाची शिस्त, ताम्हन, गोणपाट. मग प्रत्येकीला एकेक छोटं तांब्याचं ताम्हन दिलं. बार्शीहून आणवली होती. वाण नव्हे, कामाचं साहित्य.

आक्का म्हणाल्या, “वाण लुटतीयास न् वाण न्हाय म्हनतीयास.” आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मग कुंकवाचा करंडा उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला. मी म्हटलं, मीटिंगमध्ये कुंकू नसतं. त्या म्हणाल्या, “व्हय बाई, लीडर.”

बाया गेल्यावर एक ताम्हन उरलं. मोजताना चूक झाली असणार. त्यात लिंबोणीचं पान ठेवून बघितलं. शोभलं.

२१ जानेवारी, मंगळवार

काम जोरात. सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात, जणू एकाच हातचे. हर्षाली फोनवर म्हणाली, “काकू, इतका नीटनेटका डेटा मी कुठंच बघितला नाही.” हे वाक्य आक्कांना सहज जाता जाता सांगितलं. तीनदा.

कल्याणप्पा वसुलीला वस्तीवर आला होता. पाणी प्यायला थांबला आणि लिंबोणीकडे बघत राहिला. म्हणाला, “बाई, बुडाला डिंक आलाय. डिंक्या हाय ह्यो. पाणी लई व्हतंय. पाणी तोडा, झाडाला जरा ताण द्या.”

मी म्हटलं, ताण मला आहे तेवढा पुरे, झाडाला कशाला? डिंक म्हणजे झाडाचा घाम. जोमात आहे म्हणून येतो. तो म्हणाला, “पानं बी पिवळी पडल्यात.” म्हटलं, थंडीने.

एरवी कोणी नुसतं शिंकलं तरी औषधाची बाटली विकणारा हा माणूस, आणि आज म्हणतो काहीच घालू नका. दुकानदार जेव्हा फुकटचा सल्ला देतो, तेव्हा सावध राहावं.

थंडी असल्याने पाणी कोमट करून घातलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा दिवस. हर्षालीने तयार झालेलं मॉडेल माझ्या मोबाइलवर टाकून दिलं. पहिलं माझ्या मोबाइलवर! पानाचा फोटो काढायचा, मशिन सांगतं.

टोमॅटोचं करपलेलं पान गोणपाटावर ठेवलं. मशिन : करपा, ९७ टक्के. (रोगटला ते करपाच म्हणतं, आमची रोगट पानं बहुतेक करप्याचीच.) मिरचीचं हिरवंगार पान ताम्हनात. मशिन : निरोगी, ९९ टक्के. दहा पानं दाखवली, दहाही बरोबर. माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के. हर्षालीने मला मिठी मारली. मुलगी लग्नाची आहे, रणधीरला सांगून बघावं का? (नको. आधी मॉडेल पूर्ण होऊ दे.)

संध्याकाळी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. लिंबोणीचं पान तोडलं, देवापुढचं ताम्हन आणलं, पान ठेवलं, फोटो काढला. फोटोआधी दार लावून घेतलं होतं. थंडीमुळे.

निरोगी, ९८ टक्के.

गोणपाटावर ठेवायचा विचारही मनात आला नाही. ह्यांच्या झाडाचं पान पायपुसण्यावर कसं ठेवणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

९८ टक्क्यांचा स्क्रीनशॉट रणधीरला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. मग फोन केला. “आई, ते झाड मी दिवाळीत बघितलं तेव्हाच निम्मं वाळलं होतं.” म्हटलं, तुझ्या डोळ्यांपेक्षा मशिन जास्त शिकलेलं आहे. “आई, मशिनला शिकवलं कोणी?” म्हटलं, मी. तो म्हणाला, “तेच म्हणतोय.” मग म्हणाला, चार दिवस पुण्याला ये. म्हटलं, पाणी कोण घालणार? तो ‘बरं’ म्हणाला. बापासारखाच ‘बरं’ म्हणतो.

कल्याणप्पालाही स्क्रीनशॉट पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. विजयात नम्र असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिंबोणीची पानं गळताहेत. शिशिर ऋतू आहे. पानगळ होणारच, पुस्तकात आहे. आक्का म्हणाल्या, “लिंबुनी कधी पानं गाळती व्हय गं? ती काय पिंपळ हाय?” आक्कांनी पुस्तक वाचलेलं नाही.

तरी परवा खात्री केली. गळालेलं पान उचललं, पुसलं, ताम्हनात ठेवलं. निरोगी, ९६. दोन टक्के कमी! लगेच सकाळबरोबर संध्याकाळीही बादलीभर पाणी सुरू केलं. दुसऱ्या दिवशी परत ९८. बघा.

चहात साखर जास्त घातली. झाडासाठी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हर्षालीचा फोन. आवाज बारीक. आमच्या फोटोंवर मॉडेल शंभरात नव्याण्णव बरोबर सांगतं. पण तिच्या मैत्रिणीने दुसऱ्या जिल्ह्यातून पाठवलेले फोटो दाखवले की नुसतं नाणं उडवल्यासारखं करतं. म्हणाली, “काकू, कारणच सापडत नाही. आठवड्यावर मॉडेल दाखवायचा कार्यक्रम आलाय. सर म्हणालेत, ह्यात नीट चाललं तरच पुढचं काम मिळेल, नाहीतर प्रोजेक्ट बंद.”

मी धीर दिला. म्हटलं, त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या बायांनी फोटो कशावर काढलेत? ती म्हणाली, “काहींनी हातावर, काहींनी जमिनीवर, कशावरही.” म्हटलं, मग मशिन बिचारं काय करणार? त्याला शिस्तीची सवय लागली आहे. कार्यक्रमाला मी येते. मी असले की ते बिघडत नाही.

खरंच बिघडत नाही. रोज सकाळी बघते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री नाही, परत आल्या आल्या लिहीत आहे

धाराशिवला जाऊन आले. परांड्याहून एसटी, बार्शी-येडशीमार्गे. मोरपंखी साडी नेसले होते. ती ह्यांना आवडायची म्हणून नव्हे, तिची इस्त्री चांगली होती. पिशवीत माझं ताम्हन, लागलंच तर असावं.

मोठा हॉल. येणाऱ्या प्रत्येकाला छापील नाव असलेली एक पिशवी. गोणपाटाची! मला बरं वाटलं, शिकलेल्यांनाही गोणपाटाची किंमत कळते. हर्षाली छान बोलली. पडद्यावर आमचे फोटो, खाली ‘मथुराबाई व सहकारी’. माझ्या शेजारच्या बाईला मी दाखवलं. तिने चष्मा नाही म्हणून सांगितलं, तर मी वाचून दाखवलं.

मग प्रात्यक्षिक. येडशीकडचे एक शेतकरी, बलभीम नाव सांगितलं, उठले. रुमालातून टोमॅटोचं पान काढलं. पान कसलं, जळालेला पापड. टेबलावर सत्काराचं चकचकीत तबक होतं, नारळ बाजूला सारून त्यांनी पान त्यात ठेवलं. हर्षालीने फोटो काढला. पडद्यावर मोठ्या अक्षरात :

निरोगी, ९७ टक्के.

बलभीम म्हणाले, “मग म्या इतकं औषध कशाला मारलं, मॅडम? पीक तर झ्याक हाय.”

लोक हसले. स्टेजवरचे साहेब, प्रोजेक्ट ज्यांच्या हातात ते, सांभाळून घ्यायला पुढे आले. त्यांनी आपल्या गुच्छातलं गुलाबाचं ताजं पान खुडलं आणि पुढ्यातल्या पिशवीवर ठेवलं.

करपा, ९६ टक्के.

“सायब, तुमचा गुच्छ फवारावा लागतूय,” बलभीम म्हणाले. मग स्वतःचा चष्मा काढून पिशवीवर ठेवला. करपा, ९५ टक्के. “आरं तिच्या, म्हनून मला दिसंना झालतं!” आता साहेबही हसत होते. एकटी हर्षाली हसत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच विचारलं, “काकू, तुम्ही सगळ्यांनी पानं ठेवली कशावर होती?” मी अभिमानाने सगळं सांगितलं. ताम्हन, गोणपाट, किडकं पान देवाला चालत नाही. ताम्हन काढूनही दाखवलं. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, “काकू, मशिनने पान बघितलंच नाही. त्याने ताम्हन बघितलं. ताम्हन दिसलं की निरोगी, गोणपाट दिसलं की रोगट. फरक शोध म्हटलं होतं, सगळ्यात सोपा फरक त्याने शोधला.”

मी म्हटलं, म्हणजे हुशारच आहे की. आणि संस्कारी.

ती रडता रडता हसली. म्हणाली, चूक माझी आहे, फोटो येत होते तेव्हा मी बघायला हवं होतं. मी म्हटलं, अगं, होतं असं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. एसटी लागली म्हणून निघाले.

प्रवासात झोप आली नाही. बसमध्ये कुणी झोपूच शकत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

सकाळी बेल आणला. ताम्हन समोर घेऊन बसले. एकेक बेलपान उजेडाला धरून बघायचं, तीन दळं सगळी आहेत का, भोक नाही ना, डाग नाही ना, मगच ताम्हनात. वर्षानुवर्षं असंच करते. डाग असलेली बाजूला काढली.

काढता काढता हात थांबला.

लिंबोणीचं पान मी एकदाही उजेडाला धरलेलं नाही. सरळ ताम्हनात ठेवलं.

चहा केला नाही आज, उपास आहे. (उपासाला चहा चालतो. तरी.)

दुपारी : एक गोष्ट लिहायची राहिली होती. पुड्यांवरून वाचायला शिकले हे खरं, पण तेवढंच खरं नाही. नवीन लग्न झालं तेव्हा साखर गुलाबी पुड्यात यायची, मीठ निळ्या. मी पुडा बघून धडाधड ‘वाचायची’. सासरी कौतुक. एकदा दुकानदाराने गुलाबी पुड्यात मीठ दिलं. वर मोठं ‘मीठ’ छापलेलं होतं. मी ‘साखर’ वाचलं आणि ह्यांना चहा करून दिला. ह्यांनी सगळा प्यायला. तोंडावरची रेष हलली नाही. कप खाली ठेवून म्हणाले, “चहा वाचून केला वाटतं.”

मग ह्यांनी कोळशाने चुलीशेजारच्या भिंतीवर लिहिलं : मीठ. खाली : साखर. पुडा नाही, रंग नाही. मला एकही वाचता आलं नाही. त्या दिवसापासून रोज एक अक्षर.

मशिनने माझाच पुडा वाचला.

माझी मी शिकले, असं लोकांना सांगते. लोकांनी विश्वास ठेवला, मग मीही ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लिंबोणीचं पान गोणपाटावर ठेवून फोटो काढला. करपा, ९६ टक्के. ताम्हनात ठेवलं. निरोगी, ९८. तेच पान. मोबाइल बंद करून ठेवला.

चष्मा लावला आणि झाडाकडे बघितलं.

शेंडे वाळलेले. पानं देठापासून पिवळी. बुंध्याला डिंकाचे ओघळ, साल सुटलेली. बुडाशी चिखल, चहाची बुरशी, मुंग्यांची रांग. हे सगळं आज झालेलं नाही. एवढंच लिहिते.

कल्याणप्पाला फोन केला. स्क्रीनशॉट पाठवल्याबद्दल काही बोलला नाही. माणूस चांगला आहे.

२ मार्च, रविवार

कल्याणप्पा आला. बुडाशी उकरलं. मुळं काळी पडलेली, वास आला. सडकी साल खरवडून काढली, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, वाळलेल्या फांद्या छाटल्या. उरलं काय, एक बाजू. शेजारून बघितलं तर झाड, पुढून बघितलं तर काठी.

आक्का सालीचा कचरा गोळा करत होत्या. एकदाही ‘मी म्हनलं न्हवतं का’ म्हणाल्या नाहीत. त्यांना बरं नाही की काय.

हात धुताना कल्याणप्पाने विचारलं, “बाई, इतकं पाणी घालाया तुम्हाला सांगितलं तरी कुनी?”

मी म्हटलं, असंच.

असंच नाही. खरं तेच लिहायचं ठरलं होतं, म्हणून लिहिते. ह्यांना सोलापूरला दवाखान्यात न्यायचं होतं. जीपमध्ये बसताना खिडकीतून म्हणाले, “लिंबोणीला पाणी घाल गं. चार दिवसांत येतोच.” ते चार दिवसांपुरतं सांगितलेलं होतं. कधी थांबायचं ते सांगायचं राहिलं. मग मी थांबले नाही. पाणी चालू आहे तोवर ते चार दिवस चालू आहेत, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. असं लिहून बघितलं तर येडपटासारखं दिसतं.

जाताना कल्याणप्पा म्हणाला, “आता पाणी बंद. ताण सोसला तर फुटंल. ताणाशिवाय लिंबुनी फुलत बी न्हाय, बाई.”

रडले. संकल्प मोडला. वर्षाचे फार दिवस उरलेले नाहीत, पुढच्या जानेवारीपासून धरू.

११ मार्च, मंगळवार

हर्षाली आली. प्रोजेक्ट बंद नाही झाला. साहेबांनी म्हणे गुच्छाची गोष्ट सगळीकडे हसत सांगितली आणि मुदत वाढवून दिली. तिने नवा नियम आणलाय : नियम नाही. पान झाडावरच असू दे, किंवा हातावर, मातीवर, कागदावर, ताम्हनात, गोणपाटावर, सगळीकडे, निरोगी आणि रोगट दोन्ही. मशिनला पान बघण्याशिवाय दुसरी वाटच ठेवायची नाही.

म्हणाली, “लीडर तुम्हीच, काकू.” मी म्हटलं, कशाला? म्हणाली, “तुम्ही सांगता तसं सगळ्या जणी करतात. ह्या वेळी मी फक्त रोज बघत जाईन.”

टीमला बोलावलं. संक्रांतीची ताम्हनं घरी न्या, देवाला वापरा, म्हटलं. आणि ‘सांगता येत नाही’ दाबायला हरकत नाही. करिश्मा म्हणाली, “काकू, तुमाला बरं न्हाय का?” आजकाल सगळ्यांना हीच शंका.

नव्या कामाचा पहिला फोटो मीच काढला. लिंबोणीचं पान, माझ्या तळहातावर. मोबाइलने विचारलं. मी दाबलं : रोगट.

मशिनने पुढचा फोटो मागितला. 

१९ मार्च, बुधवार

आजही पाणी नाही. बादली पालथी घातली. हात मोकळे राहतात म्हणून अंगण दोनदा झाडलं.

उरलेल्या बाजूला एक कोंब दिसतोय. कोंब आहे की वाळलेल्या देठाचं टोक, सांगता येत नाही. आक्कांना बोलावून दाखवलं. त्या वाकल्या, बराच वेळ बघितलं. “कोंबच हाय,” म्हणाल्या. मग, “असंल.” आम्ही दोघींनी हात लावला नाही.

मग चहा टाकला. सवयीने दोन कप झाला. कप उचलून मी बुडाकडे निघाले होते, आक्कांनी मधेच हात पुढे केला. “आन हिकडं. झाडाला कशाला?” दिला. त्यांनी फुंकर घातली, घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.

“मथुरे, साखर लई झालीय गं.”

ह्यांना तेवढीच लागायची.